अर्ध्या कोर्टाची टीम

कळमनुरीच्या आमच्या कॉलेजात बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट झालं, तेव्हा गावात बास्केटबॉल खेळणारा एकही माणूस नव्हता. दोन टोकांना दोन खांब उभे राहिले, त्यांना फळ्या आणि लोखंडी कड्या लागल्या, पांढरे पट्टे ओढले गेले, नारळ फुटला, पाहुणे चहा पिऊन गेले. पुढची तीन वर्षं ते कोर्ट नुसतं ऊन खात पडून होतं.

एवढं चांगलं ऊन वाया जाताना शेतकऱ्याला बघवत नाही. माझं शेत कॉलेजच्या मैदानाला लागून आहे. मधे एक बांध आणि बांधावर तारेचं कुंपण, तेही जिथून जायचं तिथं वाकवलेलं. आमच्याकडं हळदीचं पीक मोठं. हळद खणून काढली की शिजवायची आणि शिजवली की पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवायची. मातीवर वाळवली तर खालून ओल धरते, रंगाला मार बसतो. सिमेंटवर कशी खडखडीत वाळते. मी प्राचार्यांना विचारलं का? नाही. विचारलं की लोक नाही म्हणतात, हा माझा अनुभव आहे. एका फेब्रुवारीत ट्रॉलीभर हळद नेली आणि सरळ कोर्टावर पसरली. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी तो माझा हक्क झाला. फुकट ते पौष्टिक म्हणतात ते काही खोटं नाही.

चौथ्या वर्षी कॉलेजात खेळाचे नवे सर आले. कोल्हापूरकडचे, अंगानं किरकोळ, पण गळ्यात शिट्टी अशी की आमच्या गोठ्यातली म्हैस दूध काढताना दचकायची. त्यांनी आल्या आल्या पोरांना फुटबॉलला लावलं आणि पोरींना बास्केटबॉलला. मी मनात म्हटलं, आता हे आपल्याला हाकलणार. भांडायची सगळी तयारी करून मी कोर्टावर जाऊन बसलो. या कॉलेजातून मी बी.ए. झालोय, आमच्या आज्यानं वर्गणी दिली होती, असं सगळं तोंडपाठ करून ठेवलं होतं. सर आले, हळदीकडं बघितलं, एक हळकुंड उचलून वास घेतला आणि म्हणाले, "अर्धं तुमचं, अर्धं पोरींचं. चालेल?"

भांडायला गेलेल्या माणसाला असं कोणी सहज दिलं की फार पंचाईत होते. मी म्हणालो, "चालेल."

असा मी आमच्या टीमचा प्रेक्षक झालो. आवडीनं नाही झालो, हळदीमुळे झालो. शिजलेली हळद उघड्यावर टाकली की माणूस तिथंच अडकतो. दिवसातून दोनदा ती खालीवर करावी लागते, मोकाट जनावरं हाकलावी लागतात, संध्याकाळी ढीग करून झाकावी लागते. मधल्या वेळात करायचं काय? समोर पोरी खेळत होत्या. त्यांच्या पलीकडं मैदानात पोरं खेळत होती. तिकीट नाही, गर्दी नाही, लिंबाची सावली. बघत बसलो.

पहिले काही दिवस मला काही कळत नव्हतं. जवळून टाकलं की दोन आणि लांबून टाकलं की तीन, हे मला अगदी न्यायाचं वाटलं, कारण कष्ट जास्त तर दाम जास्त. पण चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, आपटत आपटत पळायचं, यात काय मतलब, ते समजेना. आणि फुटबॉलचा ऑफसाइड तर डोक्यावरून गेला. आमच्या पोरानं सुरेख गोल केला आणि सरांनी शिट्टी वाजवून तो रद्द केला, तेव्हा मी बांधावर उभा राहून ओरडलो, "अहो सर, आपल्याच पोराचं पाप का घेता?" सर हसत आले, कोर्टावर बसले आणि माझीच हळकुंडं घेऊन त्यांनी मांडणी केली. हे तुमचे, हे समोरचे, हा जाड गड्डा म्हणजे गोलकीपर. तीनदा सांगितल्यावर मला ऑफसाइड कळला. आता मी तो दुसऱ्यांना समजावून सांगतो आणि त्यांना कळलं नाही की चिडतो.

फुटबॉलचा मोसम दसऱ्यानंतर. आमची जमीन काळी. पावसाळ्यात मैदानात बूट रुतून बसतात आणि ऊन पडलं की हाताएवढ्या भेगा पडतात. भेगेवर चेंडू पडला की तो कुठं उडेल ते देवालाही सांगता येत नाही. आमच्या पोरांना त्याची सवय. बाहेर कुठं सपाट हिरव्या मैदानावर गेले की चेंडू सरळ येतो, आणि सरळ आलेला चेंडू यांना झेपत नाही. हरून आले की म्हणायची, "काका, मैदानच बेकार व्हतं." मी म्हणायचो, "नाचता येईना अन् अंगण वाकडं!" पण मलाही वाईट वाटायचं. गोलकीपर तर आमच्या शेजारच्याच शेतातला, सहा फुटी, भाकरी चार खाणारा. हरल्यावर तो आठवडाभर बांधावरून जाताना मान वर करायचा नाही.

मी ओरडायचो मात्र खूप. हळद नसली तरी जायचो. जूनपासून मार्चपर्यंत कुठला तरी खेळ असायचाच. सरावाला जायचो, मॅचला जायचो, हिंगोलीला, परभणीला, जिथं जीप जाईल तिथं. घरची म्हणायची, "इतक्या मोठ्यानं आमाला कधी हाक मारली न्हाई तुमी." मी म्हणायचो, "तू कुठं गोल करून राहिली?" यावर दोन दिवस भाजीत मीठ कमी पडायचं.

मी सांगतोय त्या साली पोरींच्या टीमची कप्तान दुसऱ्या वर्षाला होती. घर शिरड शहापूरकडं, इथं मामाकडं राहून शिकायची. उंचीनं बेताची, पण चेंडू हातात आला की तिच्या मनगटाला जणू डोळे फुटायचे. तिच्या बापाचीही हळद. त्यामुळं कोर्टावर येता जाता माझ्या हळदीत हात घालून एखादं हळकुंड मोडून बघायची आणि निकाल द्यायची, "अजून चार दिवस, काका." बहुतेक वेळा बरोबर असायची, आणि मला राग यायचा.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमचं कॉलेज बाहेर जाऊन एकही मॅच जिंकलेलं नव्हतं. ना पोरं, ना पोरी. खेळायला लागून तीन वर्षं झाली होती. नांदेडच्या एका कॉलेजात दर फेब्रुवारीत बास्केटबॉलची स्पर्धा असते, आसपासच्या जिल्ह्यांतल्या टीमा येतात. कप्तान मला म्हणाली होती, "काका, मला कप न्हाई पाहिजे. कॉलेज सोडायच्या आधी एक मॅच जिंकायची. एकच." त्या दिवसापासून मलाही तेवढंच पाहिजे होतं.

त्या फेब्रुवारीत हळद नेहमीसारखीच कोर्टाच्या माझ्या बाजूच्या अर्ध्यात पडली होती. उशिरा शिजली म्हणून स्पर्धेच्या दिवसापर्यंत पडूनच होती. पोरी अर्ध्या कोर्टावर सराव करत होत्या, आपसांत दोन गट पाडले तरी दोन्ही गट एकाच कडीत चेंडू टाकायचे. माझ्या बाजूच्या खांबाला माझा डबा आणि पाण्याची बाटली लटकलेली असायची. त्या कडीकडं तीन आठवडे कोणी चेंडू फेकला नव्हता. चुकून चेंडू हळदीत गेला तर पोरी चपला काढून, पावलं जपून टाकत, अलगद उचलून आणायच्या. हळदीला पाय लावायचा नाही, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नव्हतं. शेतकऱ्यांच्याच लेकी होत्या.

नांदेडला पोहोचलो. मोठं छत असलेलं मैदान, चकचकीत फरशी. आमच्या पोरी सुरुवातीला बुजल्या, मग खेळायला लागल्या. कप्ताननं सुरेख चेंडू हिसकावला आणि आपटत निघाली. मी ओरडलो, "जाऊ दे!" ती मधल्या रेषेपर्यंत गेली आणि थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. चेंडू जागेवर आपटत राहिली, मग मागं वळून दुसरीला दिला. दुसरीही रेषेपाशी येऊन थबकली. पंचानं शिट्टी मारली. आठ सेकंदांत रेषा ओलांडावी लागते, नाहीतर चेंडू समोरच्यांना, असा नियम आहे. पुन्हा चेंडू आला, पुन्हा तेच. पोरी जोरात यायच्या आणि रेषेजवळ पावलं आपोआप आखडायची. एकदा तर आमच्या एका पोरीनं आमच्याच कडीखाली उसळलेला चेंडू झेलला आणि सवयीनं उडी मारून त्याच कडीत टाकला. स्वतःच्या कडीत! समोरच्यांना दोन गुण. सगळं मैदान हसलं. त्या पोरीला काय झालं ते कळेना, तिनं गुण मिळाला म्हणून हात वर केला होता.

मला मात्र कळलं. सगळ्या मैदानात फक्त मला कळलं, असं मला वाटलं. त्या मधल्या रेषेपलीकडं चकचकीत फरशी होती, पण पोरींच्या पायांना तिथं माझी हळद पसरलेली दिसत होती. तीन आठवडे ज्या रेषेवरून मागं फिरल्या, त्याच रेषेवरून त्या मागं फिरत होत्या. मी ओरडायचं बंद केलं. शेवटी खूप गुणांनी हरलो, किती ते मला आठवायचं नाही.

परतताना जीपमध्ये कोणीतरी चिवड्याची पुडी काढली आणि गाणी सुरू झाली. वयच तसं. ज्या पोरीनं उलटा गुण केला तिला सगळ्या चिडवत होत्या. मला कोणी एका शब्दानं काही बोललं नाही. सर म्हणाले, "होतं असं." मी खिडकीबाहेर बघत बसलो. खाई त्याला खवखवे. घरी आल्यावर घरचीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग सांगा ना पोरींना, चुकलं म्हणून." मी म्हणालो, "आता सांगून काय, मॅच परत येणार हाय का?" खरं तर मला लाज वाटत होती. पन्नाशीच्या माणसाला लाज वाटली की तो दुसरंच काहीतरी कारण काढतो.

मनाशी एक ठरवलं. पुढच्या वर्षी कोर्टावर एक हळकुंड पडणार नाही. आणि का, ते कोणाला सांगायचं नाही.

त्या वर्षीचा फुटबॉलचा मोसम मी जरा जास्तच ओरडून काढला, जणू पोरींचं देणं पोरांना देत होतो. पोरं पहिल्याच फेरीत एका गोलनं हरली, तीही शेवटच्या मिनिटाला. गोलकीपरनं चार गोल अडवले होते, पाचवा बोटांना लागून आत गेला. तो तिथंच मातीत बसून राहिला. मी जाऊन त्याला उठवलं तर म्हणाला, "काका, हाताला लागला व्हता न हो." मी म्हणालो, "लागला व्हता, मी बघितला." याहून जास्त काही सांगण्यासारखं नव्हतं. त्यांचा मोसम डिसेंबरातच संपला.

जानेवारीत हळद खणली, फेब्रुवारीच्या सुरुवातीला शिजवली आणि माझ्याच शेतात, बैलगाडी फिरेल एवढी जागा चोपून, शेणानं सारवून तिथं टाकली. पोरी आल्या, बघितलं. कप्तान म्हणाली, "काका, औंदा कोर्टावर काहून न्हाई टाकली?" मी थाप मारली, "सिमेंटवर रंग उतरते. बाजारात लोक नाव ठेवून राहिले." तिनं माझ्याकडं बघितलं. हळदीत हात घालून बघायची सवय काही सुटली नव्हती, एक मोडलं आणि म्हणाली, "मातीवर हाय, वेळ लागन."

वेळ लागलाच. पण मी आता बांधाच्या अलीकडं बसून पलीकडचं पूर्ण कोर्ट बघत होतो. पोरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत होत्या. माझ्या बाजूच्या कडीत फेब्रुवारीत पहिल्यांदाच चेंडू पडला तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. सर रोज त्यांना रेषा ओलांडायला लावायचे, शंभर वेळा, दोनशे वेळा. सुरुवातीला त्या रेषेपाशी अजूनही अडखळायच्या. मग अडखळणं कमी झालं. मग एके दिवशी लक्षात आलं की थांबलंय. हळद खालीवर करताना मी गुणगुणत होतो, असं घरची सांगते.

आता कप्तान शेवटच्या वर्षाला होती. म्हणजे ही शेवटची संधी. तिची आणि माझीही, हे फक्त मला माहीत होतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी उठलो तर दक्षिणेकडून आभाळ भरून येत होतं. फेब्रुवारीचं आभाळ, असं नको तेव्हा येतं. हळद वाळायला तीन दिवस बाकी होते. आता भिजली असती तर वर्षाचं पीक काळं पडलं असतं. मजूर कोणी मिळेना, सगळे आपापल्या शेतात झाकाझाकी करून राहिले होते. मी आणि घरची दोघंच. रस्त्यावर पोरींची जीप येऊन थांबली, हॉर्न वाजला. मी हात हलवून सांगितलं, जा तुम्ही.

जीप गेली नाही. कप्तान उतरली आणि बांधावरून चालत आली. खेळाचे कपडे, पायात नवे बूट, ते मळू नयेत म्हणून उड्या मारत.

"काका, चला."

"आभाळ बघ की. मी आलो तर हिला एकटीला होईल का?"

"तुमी चला त."

"अगं, वर्षाची हळद हाय. तुझ्या बापाला विचार."

तेवढ्यात मागून मोटारसायकलींचे आवाज आले. चार मोटारसायकली, वर दोन-दोन, तीन-तीन पोरं. सगळी फुटबॉलची टीम. गोलकीपरच्या मांडीवर ताडपत्रीची घडी, मागच्या पोराच्या खांद्यावर गोलची जाळी. गोलकीपर उतरून म्हणाला, "काका, आमचा सिझन तं संपला. तुमी जा, हळद आमी बघतो. वारं सुटलं तं ताडपत्री उडते, म्हणून जाळी आणली. वरून टाकून दगड ठेवतो."

मी घरचीकडं बघितलं. ती म्हणाली, "जा. इथं राहून तरी काय करसाल, तिकडंच ध्यान राहील."

मी फार अभिमानी माणूस आहे, असं मला वाटायचं. त्या दिवशी तो अभिमान काही उरला नाही. मी सदरा बदलला आणि जीपमध्ये बसलो. बसल्यावर कळलं की आदल्या दिवशी हवामानाची बातमी ऐकून कप्ताननंच पोरांना सांगून ठेवलं होतं.

नांदेडला पहिली मॅच सकाळी अकराला. समोर शहरातली टीम, उंच पोरी, एकसारखे निळे कपडे. आमच्या पोरी सरळ रेषेपलीकडं गेल्या. पहिल्याच चेंडूला. कप्ताननं हिसकावला, आपटत निघाली, मी तोंड मिटून बसलो होतो, आणि ती रेषेवरून अशी गेली की तिथं रेषाच नाही. कडीत चेंडू गेला. मग मी जो ओरडायला लागलो तो शेवटपर्यंत थांबलो नाही. अख्ख्या मॅचमध्ये एकदाही आठ सेकंदांची शिट्टी वाजली नाही. माझ्या शेजारी शहरातले एक सद्गृहस्थ बसले होते, बहुतेक त्यांची मुलगी समोरच्या टीममध्ये. ते म्हणाले, "आपकी बेटी खेल रही है क्या?" मी म्हणालो, "न्हाई, मी हळदवाला." ते जरा सरकून बसले.

सोपं मात्र गेलं नाही. तिसऱ्या डावात आम्ही मागं पडलो. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा एका गुणानं पुढं होतो. समोरच्यांची उंच पोरगी कडीखाली आली, उडी मारली, चेंडू कडीवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. आमची तीच पोरगी, मागच्या वर्षी उलटा गुण करणारी, तिनं तो झेलला. क्षणभर तिनं वर बघितलं, स्वतःच्याच कडीकडं. मग तिनं मान वळवली आणि लांब कप्तानकडं फेकला. कप्तान एकटीच होती. दोन गुण. तीन गुणांनी जिंकलो.

पोरी एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या, सर शिट्टी वाजवत नाचत होते, पंच त्यांना बाजूला व्हायला सांगत होते. दुपारच्या दुसऱ्या मॅचमध्ये आम्हाला अगदी चोपून काढलं, तेही खरंच आहे. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. मधल्या वेळात गोलकीपरचा फोन आला. अर्धा तास पाऊस पडला, वारंही सुटलं, पण हळद कोरडी. कडेला थोडी ओल लागली होती, ती त्यांनी उचलून पडवीत पसरली होती. माझ्या घरचीनं त्यांना पिठलं-भाकरी केली होती आणि भाकरी कमी पडल्या होत्या. "काका, पोरी जिंकल्या का?" मी सांगितलं. फोनमधून जो कल्ला आला, तो नांदेडच्या मैदानातही ऐकू गेला असेल.

परतताना जीपमध्ये कप्तान माझ्या शेजारी बसली. ऊन उतरत होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाकलेल्या हळदींचे ढीग दिसत होते. मला वाटलं, आता सांगायला हवं. मी बसक्या आवाजात म्हणालो, "ऐक गं. मागच्या साली तुमी हरल्या ते माझ्यामुळं. माझ्या हळदीमुळं तुमचे पाय रेषेवर थांबले. तेव्हाच सांगायला पाहिजे व्हतं, सांगितलं न्हाई. म्हणून औंदा कोर्टावर टाकली न्हाई. रंग उतरते ते सगळं खोटं."

ती हसली. मला वाटलं होतं चकित होईल.

"काका, आमाला ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"सगळंच. मागच्या साली स्पर्धेच्या आधी सर तुमच्याकडं येणार व्हते, हळद उचला म्हणायला. आमी सगळ्या आडव्या आलो. म्हणलं, सर, काकांची शिजलेली हळद हाय, आता ते कुठं नेतील? मॅच काय, पुढच्या साली बी येते."

मी विचारलं, "आणि हरल्यावर? तेव्हा तरी सांगायचं."

मागच्या सीटवरच्या पोरी पुढं झुकून ऐकत होत्या. कप्ताननं बुटाची लेस सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाली, "हरल्यावर जीपमधी बसायच्या आधीच आमचं ठरलं. काकांना कोणी काही बोलायचं न्हाई. कळलं तं तुमी लाजून यायचं सोडून द्याल. आमच्याकडून वरडणारं एकच माणूस हाय, काका. ते बी गेलं तं आमी कोणासाठी खेळावं?"

म्हणजे वर्षभर मी मोठा त्याग करून गुपचूप बसलो होतो, आणि त्या सात-आठ पोरी माझ्याआधीच तो करून, हरून, हसं करून घेऊन, चिवडा खात गाणी म्हणत माझ्यासमोर बसल्या होत्या. मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला नाही, जमलंही नसतं. मला म्हणायचं होतं, लेकरांनो, तुमच्यासारखं मला कोणी सांभाळलं नाही, माझ्या सख्ख्यांनीसुद्धा. पण तोंड उघडलं तर आवाजच निघेना. सकाळपासून ओरडून घसा पार बसला होता. नुसती हवा बाहेर आली.

मागून कोणीतरी म्हणालं, "काका, मिठाच्या गुळण्या करा. सिझन संपला तरी रविवारी पोरांची दोस्तीतली मॅच हाय."